उपनगरातला तरुण सेंद्रिय का घेतो?

मुंबई उपनगर जिल्ह्यात तालुके तीनच: कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ९३ लाखांच्या वर होती. गोराई-मनोरीकडच्या वाड्या आणि आरेतले आदिवासी पाडे सोडले, तर शेत म्हणावं असं इथे फारसं उरलेलं नाही. एवढी माणसं रोज जे खातात ते बाहेरून येतं. नाशिक, जुन्नर, नारायणगाव, सातारा इथला माल रात्री तुर्भ्याच्या घाऊक बाजारात उतरतो आणि उजाडायच्या सुमारास टेंपोनं मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या भाजीगल्ल्यांत पोहोचतो. या प्रवासात पिकवणारा मागेच राहतो. मेथीची जुडी कोणाच्या रानातली, तिच्यावर काय मारलं होतं, काढणीच्या किती दिवस आधी मारलं होतं, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. उपनगरातला तरुण सेंद्रिय अन्नाकडे का वळतो, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. आपण काय खातो हे कळत नाही, ही अस्वस्थता आधी येते. आरोग्य, पर्यावरण, शेतकऱ्याविषयीची आस्था ही नावं तिला नंतर मिळतात.

तरुण म्हणजे कोण, हे आधी ठरवायला हवं. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणानं १५ ते २९ हा वयोगट धरला. स्वयंपाकघराच्या हिशेबात ही मर्यादा उपयोगाची नाही. मुलुंडमधला २३ वर्षांचा नोकरदार मुलगा आईवडिलांकडे राहतो. भाजी आईच आणते, तो फक्त ॲपवर पैसे भरतो आणि अधूनमधून सेंद्रिय गूळ, घाण्याचं तेल मागवतो. अंधेरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिघी मैत्रिणी मिळून राहतात. त्यांच्याकडे रोजचा स्वयंपाक होतोच असं नाही, पण जे घरात येतं ते त्या स्वतः ठरवतात. बोरिवलीतलं तिशीतलं जोडपं पहिल्या बाळाच्या वरणभातासाठी तांदूळ शोधत असतं. तिघांनाही बाजार ‘तरुण ग्राहक’ म्हणतो, पण त्यांच्या खरेदीमागची कारणं एक नाहीत. पाहणी करणारे अभ्यास ही तफावत बहुतेक वेळा विसरतात.

अभ्यास बरेच झाले आहेत. २००७ साली रेनी ह्यूनर आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. लोक सेंद्रिय का घेतात याची कारणं त्यात निघाली ती अशी: आरोग्य, चव, पर्यावरण, अन्नाची सुरक्षितता, प्राण्यांविषयीची कणव, स्थानिक अर्थव्यवस्थेला हातभार, जुन्या दिवसांची ओढ आणि फॅशन. अडवणारी कारणंही निघाली: भाव, सहज न मिळणं, प्रमाणपत्रांविषयी अविश्वास, आहे त्यात समाधान. भारतातल्या तरुणांपुरता २०१६ साली रामबालक यादव आणि गोविंद स्वरूप पाठक यांनी ‘ॲपेटाइट’ या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. २२० तरुणांची उत्तरं त्यात तपासली होती. खरेदीच्या इच्छेमागे दोन गोष्टी ठळक दिसल्या: स्वतःच्या आरोग्याची जाणीव आणि ‘हे करणं योग्य आहे’ ही नैतिक भावना.

हा निष्कर्ष मला पटतो, पण त्याची मर्यादाही सांगायला हवी. हा नमुना सोयीनं निवडलेला होता आणि मोजली गेली ती इच्छा, प्रत्यक्ष खरेदी नव्हे. आपल्याकडच्या व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत दरवर्षी या विषयावर प्रकल्प होतात, त्यांतही हेच घडतं. प्रश्नावलीत ‘पर्यावरणासाठी’ या चौकोनात खूण करायला पैसे पडत नाहीत. दुकानात दीडपट भावाची भेंडी उचलताना पडतात. म्हणून तरुण काय म्हणतात यापेक्षा ते कोणती वस्तू, कोणत्या प्रसंगी, पुन्हा पुन्हा घेतात, याकडे पाहिलं तर जास्त कळतं.

तसं पाहिलं की पहिली दिसते ती भीती. या पिढीची अन्नाविषयीची समजच धक्क्यांनी घडली आहे. आज जे पंचविशीत आहेत ते शाळेत असताना, जून २०१२ मध्ये, ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमाचा एक संपूर्ण भाग अन्नातल्या कीटकनाशकांवर झाला आणि रविवारी सकाळी घरोघरी पाहिला गेला. जून २०१५ मध्ये मॅगीवर देशभर बंदी आली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि काही महिन्यांत पाकिटं परत दुकानात आली. पण डब्यातला आवडता पदार्थ एका रात्रीत संशयास्पद ठरू शकतो, हे त्या मुलांच्या मनात राहून गेलं. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगनं काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं जाहीर केलं, पाठोपाठ सिंगापूरनंही पाऊल उचललं, आणि घराघरांतल्या मसाल्याच्या डब्याकडे शंकेनं पाहिलं गेलं.

उपनगरांची म्हणून स्वतःची एक भीतीही आहे. लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेला पालक, माठ, मुळा, भेंडीचे वाफे दिसतात. ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली रेल्वेनं आपल्या कर्मचाऱ्यांना रुळांलगतची पडीक जमीन लागवडीला दिली, त्यातून ही शेती उभी राहिली. तिला पाणी कुठलं मिळतं, हे डब्यात उभा असलेला प्रत्येक जण नाल्याकडे पाहून ताडतो. या पालेभाजीवर बातम्या आल्या, जड धातूंच्या तपासण्या झाल्या, रेल्वेनंही ही लागवड आवरती घ्यायचं ठरवलं. घाटकोपर-कुर्ल्याकडच्या कित्येक घरांत ‘पालक कुठला?’ हा प्रश्न भाजीवाल्याला विचारला जातो तो या वाफ्यांमुळे. दुसरी भीती आंब्याची. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे. इथिलीन वायूनं ठरावीक प्रमाणात पिकवायला परवानगी आहे. तरी दर एप्रिलमध्ये हापूसच्या पेटीबरोबर ही शंका येतेच. अनेक मराठी घरांत ‘ओळखीच्या बागेतून थेट’ अशी पहिली खरेदी होते ती हापूसची. तांदूळ, गूळ आणि भाजी त्या मागून येतात.

भीती ग्राहकाला दारापर्यंत आणते. आत आणतो तो बहुधा एखादा प्रसंग. घरात कोणाला मधुमेह निघतो, कोणाला कर्करोग. मुलीला डॉक्टर पीसीओएस सांगतात. किंवा बाळ सहा महिन्यांचं होतं आणि नाचणीचं सत्त्व करायची वेळ येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनं देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज दिला. तेव्हा असा प्रसंग बहुतेक कुटुंबांत आज ना उद्या येतोच. बाळाच्या बाबतीत तर आईवडिलांचा हात सगळ्यात सैल होतो. स्वतःसाठी साधी भाजी घेणारी आई बाळासाठी नाचणी, मूगडाळ आणि तूप सेंद्रिय घेते. जी खरेदी एका चमच्यापासून सुरू होते ती सहा-आठ महिन्यांत सगळ्या घराच्या ताटात पोहोचते, असं क्रम लावून पाहिलं तर दिसतं. बाजारालाही हे ठाऊक आहे. सेंद्रिय मालाच्या जाहिरातीत लहान मूल इतक्यांदा दिसतं ते यामुळेच.

आता अवघड प्रश्न. या भीतीला आणि या आशेला पुरावा किती आहे? पुरावा आहे, पण समज आहे तितका नाही. २०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी शेकडो अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की सेंद्रिय अन्न जास्त पोषक असतं याला भक्कम आधार मिळत नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र त्यात कमी सापडतात. २०१४ साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकारानं ३४३ शोधनिबंधांचा आढावा निघाला. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं. २०१८ साली फ्रान्समधल्या सुमारे ६९ हजार प्रौढांच्या पाहणीत जास्त सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी दिसलं. ही शेवटची बातमी व्हॉट्सॲपवर अजून फिरते. पण त्या पाहणीतले जास्त सेंद्रिय खाणारे लोक अधिक शिकलेले, अधिक कमावते आणि एकूणच प्रकृतीला जपणारे होते. फरक सेंद्रियचा किती आणि राहणीचा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. भारतातली स्थिती सरकारी देखरेख योजनेतून कळते. २०१८-१९ मध्ये तपासलेल्या साडेतेवीस हजारांहून जास्त नमुन्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि सुमारे २ टक्क्यांत ते कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेच्या वर होते. दोन टक्के हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, आणि ‘सगळंच विष’ म्हणण्यासारखाही नाही.

याच्या शेजारी दुसरा पुरावा ठेवून पाहावा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं मेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली, सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. तोंडाला मास्क नाही, हातात मोजे नाहीत, पीक डोक्याइतकं वाढलेलं आणि पाठीवर पंप. कापूस आपण खात नाही, हे खरं. पण तेच पंप, तीच औषधं आणि तीच माणसं टोमॅटोच्या, वांग्याच्या, द्राक्षाच्या रानातही असतात. रासायनिक फवारणीचा सगळ्यात उघड, सगळ्यात निर्विवाद मार बसतो तो फवारणाऱ्याच्या शरीराला आणि त्याच्या मातीला. खाणाऱ्यापर्यंत पोहोचणारा धोका त्या मानानं लहान आणि अजून वादातला आहे. म्हणजे उपनगरातला तरुण ज्या कारणानं पैसे मोजतो त्या कारणामागे पुरावा कमकुवत, आणि ज्या कारणामागे पुरावा सगळ्यात बळकट त्या कारणासाठी तो फारसे पैसे मोजत नाही. या सगळ्या विषयात मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

तरुणांना शेतकऱ्याची कणव नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून चालत निघालेले हजारो शेतकरी मुलुंडच्या नाक्यावरून मुंबईत शिरले आणि पूर्व द्रुतगती मार्गानं सोमय्या मैदानावर आले. वाटेत उपनगरांतली माणसं पाणी, बिस्किटं, चपला घेऊन उभी होती. त्यांत कॉलेजची मुलं होती. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता, मुलांचे हाल होऊ नयेत म्हणून ते मोर्चेकरी रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. रक्ताळलेल्या पायांचे फोटो या शहरातल्या तरुणांनी मनापासून पाहिले. यादव आणि पाठक यांच्या अभ्यासात जी नैतिक भावना सापडली ती ही. ती आहे, पण तिला रोजच्या खरेदीत उतरायला वाट नाही. अंधेरीच्या सुपरमार्केटमध्ये ‘सेंद्रिय’ लिहिलेलं पाकीट उचलताना त्या जादा पैशांतले किती त्या पायांपर्यंत जातात, हे कळायचा मार्ग नाही. जाहिरातही तरुणाला तुझी त्वचा, तुझं पोट, तुझं मूल एवढंच सांगते.

पर्यावरणाचंही असंच. आरेतल्या झाडतोडीविरुद्ध २०१९ मध्ये रात्री रस्त्यावर आलेली पिढी हीच. तिला भूजल, गांडूळ, मधमाशी कळते. पण भाजीच्या हिशेबात हवामानबदल क्वचितच येतो, आणि आला तरी प्लास्टिकच्या वेष्टनातल्या, शीतगृहातून दहा मिनिटांत दारात आलेल्या सेंद्रिय पालकापाशी त्याची पंचाईत होते.

अंधेरी, घाटकोपर, बोरिवली आणि मुलुंड या चार उपनगरांत कारणांचा रंग थोडा थोडा बदलतो. अंधेरीत, विशेषतः लोखंडवाला-वर्सोवा पट्ट्यात, चित्रपट-मालिकांच्या धंद्यामुळे शरीर हेच भांडवल असलेली तरुण मंडळी खूप आहेत. तिथे सेंद्रिय हा व्यायामशाळेचा, आहारतज्ज्ञाच्या तक्त्याचा आणि इन्स्टाग्रामच्या चित्राचा भाग असतो. मायक्रोग्रीन्स, घाण्याचं खोबरेल, बिनसाखरेचं पीनट बटर अशी यादी असते. यात दिखावा आहे म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला तसं वाटत नाही. नव्या मालाला पहिलं गिऱ्हाईक नेहमी हौशी मिळतं आणि त्याच्या पैशावर पुरवठ्याची वाट तयार होते. घाटकोपरात गुजराती-जैन वस्ती मोठी. तिथे अहिंसेचा विचार आधीपासून रुजलेला. कीटक मारणारं औषध नको, गाईवर आधारलेली शेती हवी, गूळ आणि तूप विश्वासाचं हवं, हा आग्रह आजीचा असतो आणि नातवंडं तो नव्या शब्दांत पुढे नेतात. बोरिवलीत स्टेशनाबाहेर वसईकडून, गोराईकडून, पालघरच्या पाड्यांवरून आलेल्या बाया पाट्या घेऊन बसतात. पावसाळ्यात टाकळा, शेवळं, कंटोळी, कुरडूची भाजी त्यांच्याकडेच मिळते. यांच्याकडे प्रमाणपत्र नसतं, पण रानात आपोआप उगवलेल्या टाकळ्यावर कोण कशाला फवारणी करेल? कृषी खातं गेली काही वर्षं ऑगस्टमध्ये रानभाज्या महोत्सव भरवतं, त्यानंतर तरुण मुली मोबाइलमध्ये पाककृती उघडून या बायांसमोर उभ्या राहताना दिसू लागल्या, हे फार चांगलं झालं.

मुलुंड, भांडुप, बोरिवली इथल्या मराठी घरांत आणखी एक कारण आहे आणि त्याकडे कोणी फारसं पाहिलेलं नाही. गिरणगावातून उपनगरात आलेल्या कोकणी कुटुंबाला गावाहून गोणी यायची. उकडे तांदूळ, कुळीथ, आमसुलं, नाचणी, एखादा फणस. मे महिन्यात एसटीच्या टपावर चढलेली ती गोणी वर्षभर पुरवायची. घाटावरच्या घरांना ज्वारी आणि शेंगदाणे यायचे. आता गावी शेत कसायला काका उरलेला नाही, जमीन विकली गेली किंवा पडीक राहिली. तिसऱ्या पिढीतल्या मुलाला आजोळच्या भाताची चव आठवते आणि दुकानातल्या पांढऱ्या तांदळात ती सापडत नाही. तो वाडा कोलम, खपली गहू, लाल तांदूळ, कुळथाचं पीठ सेंद्रियच्या फळीवर शोधतो. इंदापूर तालुक्यातल्या भोडणी गावी बँकेची नोकरी सोडून परतलेल्या सत्यजित आणि अजिंक्य हंगे या भावांचा ‘टू ब्रदर्स ऑरगॅनिक फार्म्स’ हा ब्रँड शहरात इतका चालला, त्यात खपलीच्या पौष्टिकतेइतकाच वाटा त्यांच्या गोष्टीचा आहे: गावाकडे परत गेलेली, आपल्यासारखीच दिसणारी, बोलणारी मुलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा गावरान बियाण्यांची त्यांची बँक पाहायला शहरातली मुलं का धावली, त्याचंही उत्तर हेच. माल कोणाचा हे कळलं की भाव दुसऱ्या क्रमांकावर जातो.

भाव दुसऱ्या क्रमांकावर जातो, नाहीसा होत नाही. सेंद्रिय भाजी नेहमीच्या दीडपट-दुप्पट पडते. त्यामागे नफेखोरीच असते असं नाही. तण हातानं काढायची मजुरी, सुरुवातीची उतरती उत्पादकता, थोड्या मालासाठी वेगळी गाडी, आणि जास्त टिकावी म्हणून काहीही न मारलेल्या पालेभाजीची नासाडी, हे सगळं त्या भावात असतं. पण भाडं, कर्जाचा हप्ता आणि लोकलचा पास भरून उरलेल्या पगारात रोज हा भाव परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर तरुण स्वतःच एक तोडगा काढतात: सगळं सेंद्रिय घ्यायचं नाही. सालीसकट खायच्या वस्तू, पालेभाजी, बाळाचं अन्न, गूळ, तेल हे सेंद्रिय; कांदा-बटाटा, केळी, नारळ नेहमीच्या दुकानातून. हा विचार शहाणपणाचा आहे.

खरा अडसर विश्वासाचा. सेंद्रियच्या नावाखाली काय विकलं जातं, याविषयी तरुण जितका साशंक आहे तितका त्याचा बाप कधी नव्हता, आणि त्याला कारणही आहे. कायदा असा आहे: २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘सेंद्रिय’ म्हणून विकायच्या मालाला प्रमाणीकरण लागतं, पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह लागतं, आणि त्यातले कीटकनाशकांचे अंश नेहमीच्या मर्यादेच्या ५ टक्क्यांच्या आत किंवा प्रयोगशाळेत मोजता येईल त्या किमान पातळीच्या आत असावे लागतात. प्रमाणीकरणाचे मार्ग दोन. एक २००१ पासूनचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात बाहेरची संस्था तपासणी करते. तो मुख्यतः निर्यातीसाठी उभा राहिला आणि लहान शेतकऱ्याला महाग पडतो. दुसरा २०११ पासूनची पीजीएस पद्धत, ज्यात गावातले शेतकरी गट करून एकमेकांच्या रानाची तपासणी करतात आणि एकमेकांची हमी घेतात. शिवाय वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणीकरणातून सूट आहे. त्याला ते चिन्ह मात्र वापरता येत नाही.

हे नियम उपनगरातल्या किती ग्राहकांना माहीत असतात? फार थोड्यांना. दुकानदारांनाही नीट माहीत नसतात. ‘नैसर्गिक’, ‘विषमुक्त’, ‘फार्म फ्रेश’, ‘देशी’ असे शब्द पाकिटांवर दाटीवाटीनं बसतात आणि त्यांपैकी एकाही शब्दामागे या नियमांतली तपासणी नसते. दुधाचंही असंच झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ‘ए-१’, ‘ए-२’ हे दावे पाकिटांवरून काढायला सांगितलं आणि आठवड्याच्या आत ती सूचना मागे घेतली. ग्राहकानं यातून काय समजावं? प्रमाणपत्रांवरही बाहेरून बोट ठेवलं गेलं आहे: जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेनं भारताच्या प्रमाणीकरण व्यवस्थेला दिलेली मान्यता काढून घेतली. तरुण ग्राहक इंटरनेटवर हे सगळं वाचतो आणि एका टोकाला जाऊन म्हणतो, सगळंच खोटं आहे. हा निष्कर्ष प्रामाणिक शेतकऱ्यावर अन्याय करणारा आहे, पण तो टाळायची जबाबदारी ग्राहकावर टाकता येणार नाही. ती आधी सरकारची आणि विकणाऱ्यांची आहे.

मुंबईत या अविश्वासावर उपाय म्हणून जे प्रयोग झाले ते सगळे एकाच दिशेनं गेले: मधली माणसं कमी करायची आणि शेतकऱ्याला समोर आणायचं. कविता मुखी यांनी २०१० साली वांद्र्यात शेतकरी बाजार सुरू केला. रविवारी सकाळी शेतकरी स्वतः माल घेऊन येतात आणि प्रश्नांना उत्तरं देतात. त्याच सुमारास ‘मोफ्का’ या शेतकरी आणि ग्राहकांच्या संस्थेनं ‘हरी भरी टोकरी’ची कल्पना राबवली: ग्राहकांनी हंगामासाठी आधी नाव नोंदवायचं आणि दर आठवड्याला रानात जे निघेल ते घ्यायचं. राज्य सरकारनं २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले, त्यांचा फायदा उपनगरांनाही झाला. या बाजारात येणारा सगळाच माल सेंद्रिय नसतो, पण पिकवणारा समोर असतो आणि त्याला ‘यावर काय मारलं?’ असं विचारता येतं. २०२० च्या टाळेबंदीत तुर्भ्याचा बाजार काही काळ बंद राहिला, तेव्हा शेतकरी गटांच्या गाड्या थेट सोसायट्यांच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. ज्या तरुणांनी तोवर भाजी कधी निवडलीही नव्हती त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर याद्या केल्या, पैसे गोळा केले, वाटप केलं. टाळेबंदी उठल्यावर यांतले बरेच गट थंडावले. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपशी आठवड्याच्या टोपलीला सोयीत टक्कर देता आली नाही.

हे गट टिकवता आले असते, असं मला ठामपणे वाटतं, कारण या शहरानं त्याहून अवघड काम करून दाखवलं आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये उभी राहिली. शेजारची घरं एकत्र येऊन संघ करतात, महिन्याची यादी देतात, एकाच्या घरी माल उतरतो आणि सगळे मिळून वाटून घेतात. मोबाइल नव्हता, ॲप नव्हतं, तरी पार्ले, बोरिवली, मुलुंडच्या गृहिणींनी हे काम दशकानुदशकं चालवलं. किराण्यासाठी जे आयांनी केलं ते भाजीसाठी मुलांना जमणार नाही असं मानायला काहीच आधार नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्यातून बाग फुलवली, त्यातून शहरी शेतीचा एक गट तयार झाला आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये मिरची-पालक लावणारी मुलं वाढली. अशी मुलं शेतकऱ्याशी भावाची घासाघीस कमी करतात. पानाला पडलेलं भोक पाहून भाजी परत करत नाहीत.

म्हणून उपनगरातल्या तरुणांना माझं सांगणं आहे. स्वतःच्या प्रकृतीसाठी सेंद्रिय घेत असाल तर जरूर घ्या, पण त्याच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवू नका. साखर, तळण आणि जागरणं तशीच ठेवून सेंद्रिय गूळ काही करणार नाही. त्याऐवजी फवारणाऱ्या माणसासाठी आणि त्याच्या मातीसाठी घ्या. त्या कारणाला पुराव्याचा आधार जास्त भक्कम आहे. एकट्यानं घेऊ नका. आपल्या इमारतीतली दहा-पंधरा घरं जमवा आणि पालघर, वाडा, कर्जत, जुन्नर यांपैकी जवळ पडेल तिथल्या एका शेतकरी गटाशी बोला. पीजीएस प्रमाणपत्राचा क्रमांक मागा. तो नसेल तर एकदा रान पाहून या. रासायनिक शेती सोडून सेंद्रियकडे वळताना हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागांना तीन वर्षं रूपांतरणाचा काळ धरतात. त्या काळात उत्पन्न घटतं आणि सेंद्रियचा भावही मिळत नाही. त्याच वर्षांत ठरलेलं गिऱ्हाईक शेतकऱ्याला सगळ्यात जास्त लागतं, तेव्हा रूपांतरणातला माल रास्त भावानं घ्यायची तयारी ठेवा आणि हंगामाचे थोडे पैसे आधी द्या. हिवाळी भाज्यांची लावणी दिवाळीच्या आसपास होते. बोलणी दसऱ्याच्या आधी सुरू करा.